लाट माझी, टाळ्या गजाननाच्या

प्रवासात शेजारच्यानं "तुम्ही काय करता?" असं विचारलं की मी "लाटा काढतो" असं सांगायचो. समोरचा माणूस आधी हसायचा, मग माझ्या तोंडाचा वास येतो का ते बघायचा. बुलढाणा जिल्ह्यातला माणूस, तोही सिंदखेडराजा तालुक्यातला, आणि म्हणे लाटा काढतो. पण ते खरं होतं. दुसरबीडच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून, एका मालकानं लाटांचा तलाव बांधला आणि त्या तलावाचं यंत्र मी नऊ वर्षं चालवलं. यंदा निवृत्त झालो. संपादकांनी अनुभव लिहून मागितला तेव्हा म्हणाले, "यंत्राविषयी लिहा, वाचकांना नवीन आहे." यंत्राविषयी लिहितोच. पण यंत्राच्या आडून मला दुसरंच सांगायचं आहे, तेही इथंच सांगून मोकळा होतो.

त्याआधी मी सूतगिरणीत कॉम्प्रेसर सांभाळायचो. गिरणी बंद पडली आणि मी घरी बसलो. वारा दाबून धरायचा आणि वेळ आली की सोडायचा, एवढीच माझी विद्या. लाटेच्या तलावाला नेमकी तीच लागते हे मला मुलाखतीतच कळलं. तलावाच्या खोल बाजूला एक उंच भिंत असते आणि भिंतीमागे ओळीनं बारा खोल्या. खोल्यांत अर्ध्यापर्यंत पाणी. वरून मोठाल्या पंख्यांनी वारा कोंबला की आतलं पाणी खाली दबतं, भिंतीखालच्या फटीतून तलावात उसळतं, झाली लाट. बाराही खोल्या एकदम सोडल्या तर सरळ लाट येते. ती लेकराबाळांसाठी, वरखाली हेलकावे खायला. एकामागून एक सोडल्या तर लाट तिरपी निघते आणि एका टोकापासून फुटत फुटत दुसऱ्या टोकाला जाते. फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत जाणाऱ्यांना ती हवी असते.

बटण दाबायला कुणालाही येतं. खरं काम दोन लाटांच्या मधे असतं. गेलेली लाट उथळ काठावर आपटून माघारी येते. ते पाणी जिरेपर्यंत थांबावं लागतं. आम्ही त्याला पाण्याला दम खाऊ देणं म्हणायचो. दम न खाऊ देता पुढची लाट सोडली तर ती माघारी येणाऱ्या पाण्यावर चढते, भिंतीसारखी उभी राहते आणि एकदम कोसळते. तिच्यावर जो असेल तो तोंडावर पडतो. खाली सिमेंटचा तळ आणि कमरेएवढं पाणी. म्हणून संगणकावर आकडे दिसत असले तरी मी केबिनच्या खिडकीतून पाणी बघून मगच बटण दाबायचो. नऊ वर्षांत हा नियम मी एकदाच मोडला.

उद्घाटनाच्या दिवशी शेजारच्या गावच्या सरपंचबाईंनी लाटेची ओटी भरली. पूर आलेल्या नदीची भरतात तशी. खण, नारळ, हळदीकुंकू आणि ओंजळभर गहू. मालक हात जोडून उभे आणि मी आत कपाळाला हात लावून. तिसऱ्या दिवशी गाळणी तुंबली. उघडून बघतो तर गव्हाला मोड आलेले, नारळाच्या शेंड्या जाळीला गुंडाळलेल्या. त्या दिवसापासून फाटकाशी एक परात ठेवली, ओटी त्यात भरायची.

उन्हाळ्यात मात्र फाटकाशी उभं राहायला लाज वाटायची. गावाला आठ दिवसांनी नळ आणि आमच्याकडे लाटा. एकदा एक म्हातारबा जाळीला नाक लावून तासभर बघत उभे होते. मी पाणी प्यायला बाहेर आलो तर विचारतात, "हे पानी पेता येते का?"

"नाही बाबा, औषध आहे त्यात."

"शेताले देता येते?"

"नाही."

"मंग कायले येवढं सांभाळता?"

पाणी तेच तेच गाळून वापरतो, वाया घालवत नाही, हे सगळं मला पाठ होतं. पण मी हातातला पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे केला.

आता गजाननाकडे येतो. गजानन आणि मी एका गावचे, एका बाकावरचे आणि एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. मी पायऱ्या उतरून पाण्यात जाणारा, तो काठावरून मुटका मारणारा. सातवीत त्यानं शाळा सोडली, मी आयटीआय केलं, आणि इतकी वर्षं मी पुढे आणि तो मागे अशी आमची मैत्री अगदी छान चालली होती. तलावावर नोकरी लागली तेव्हा मीच मॅनेजरला सांगून त्याला हिरवळीच्या कामावर चिकटवला. म्हटलं, आपला माणूस आहे, राहू द्या.

पहिल्या वर्षी फळीवर उभं राहायला शिकवण्यासाठी मालवणकडचा एक शिक्षक आणला होता. दुपारी पर्यटक जेवायला गेले की तो आम्हा कामगारांना बोलवायचा. मीही गेलो. फळीवर पालथं पडायचं, लाट मागून आली की हातांवर जोर देऊन उठायचं. मी सोळा वेळा पडलो आणि गुडघा धरून केबिनमध्ये परतलो. गजानन तिसऱ्या दिवशी उभा राहिला. अंगात बनियन, खाली गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, मिशा गच्च ओल्या, आणि हा पठ्ठ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. वय तेव्हा एक्कावन्न. मालवणचा शिक्षक म्हणाला, "ह्येच्या पायांका पानी कळता." ते वाक्य मी त्या रात्री जेवताना घरी सांगितलं. सांगताना हसलो. भाकरी मात्र अर्धीच टाकून उठलो.

वर्षभरात शिक्षक परत गेला आणि त्याच्या जागी गजानन आला. हिरवळीवरचा माणूस एकदम पिवळ्या जर्सीत. पुण्याची, नागपूरची पोरंपोरी "गजाकाका, गजाकाका" करत त्याच्यामागे. फोटो काढायला रांग. प्रत्येक लाट मी सोडायचो, पाणी बघून, दम खाऊ देऊन, त्याच्या चालीला बसेल अशी. त्याला डावीकडून फुटणारी लाट आवडते, सहावी खोली जरा उशिरा सोडली की त्याला वळायला जागा मिळते, हे मी शोधून काढलं होतं. टाळ्या पडल्या की तो दोन्ही हात वर करायचा, आकाशाकडे. केबिन त्याच्या पाठीमागे असायची.

हेवा वाटायचा. सरळ सांगतो, खूप वाटायचा. लोक म्हणतात हेव्यानं माणूस जळतो. माझं तसं नव्हतं. मला आंबट ढेकरा यायच्या.

एकदा सुमन, माझी बायको, तिच्या बहिणींना घेऊन तलाव बघायला आली. मी दोन दिवस आधीपासून सांगून ठेवलं होतं, डाव्या हाताला वर खिडकी आहे, तिथं मी असतो. त्या दिवशी मी आयुष्यातल्या उत्तम लाटा काढल्या. संध्याकाळी घरी आल्यावर विचारलं, "कसं वाटलं?"

"गजाभाऊजी काय उभे राह्यतात हो," ती म्हणाली. "या वयात. तुमच्यापेक्षा तीन महिन्यानं मोठेच हायेत न?"

"अन् लाटा?"

"लाटा होत्या की."

पुढे एका वर्तमानपत्राचा वार्ताहर आला. मी त्याला तासभर यंत्र समजावून सांगितलं, खोल्या दाखवल्या, चहा पाजला. छापून आला गजाननाचा फोटो. चौकटीच्या कडेला आमच्या केबिनची भिंत आली होती, खिडकीच्या अलीकडे फोटो कापलेला. गजानन ते पान घेऊन धावत माझ्याकडे आला. "भास्क्या, पाह्य बे, तुही केबिन आली." त्याला खरंच आनंद झाला होता. मला त्याच्या आनंदाचाही राग आला.

विहिरीत शिकलेल्या माणसाची एक खोड मी इथं सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडे पोहणारे सगळे विहिरीतले. विहिरीत दम लागला, नाकातोंडात पाणी गेलं की माणूस काय करतो? काठ गाठतो. कपारीत बोटं घालून भिंतीला लटकतो. आईच्या दुधासारखं ते अंगात भिनलेलं असतं. लाटेच्या तलावात भिंत हीच सगळ्यात वाईट जागा. खोल्यांतलं पाणी तिथूनच उसळतं. पडलं की डोकं हातांनी झाकायचं आणि लाटेबरोबर उथळ काठाकडे वाहत जायचं. पुण्यामुंबईची पोरं, ज्यांना नीट पोहताही येत नाही, ती निमूट वाहत जातात. आपले पट्टीचे पोहणारे भिंतीकडे जातात.

वरवट बकालचा एक दांडगा शेतकरी आला होता. पंधरा परस खोल विहिरीचा तळ गाठून माती आणतो म्हणून गावात नाव. पहिल्याच लाटेला आडवा झाला आणि सरळ भिंतीकडे निघाला. मी लाल बटण दाबलं, ज्यानं सगळं जागच्या जागी थांबतं. गजाननानं उडी टाकून त्याला मागे ओढला. बाहेर आल्यावर गडी चिडून म्हणतो, "काऊन ओढलं बे? पोचलोच होतो न काठाले." गजाननानं त्याला शेजारी बसवून प्रेमानं समजावलं, "भाऊ, हे इहीर नाही. इथं काठ मारते." त्यानंतर "भिंतीकडे जाऊ नका" अशी पाटी मी माझ्या हातानं रंगवली. दर तुकडीला गजानन ती वाचायला लावायचा.

आता तो दिवस. मालकांनी दुसरीकडे असाच तलाव काढायचं ठरवलं होतं. पैसे घालणारे पाहुणे बघायला आले होते, मंडप होता, खुर्च्या होत्या. नव्या तलावाचा मुख्य शिक्षक म्हणून गजाननाचं नाव जवळजवळ पक्कं होतं. राहायला घर, दुप्पट पगार, आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला साहेब म्हणणार होतं. माझं नाव कुठंच नव्हतं. यंत्राबरोबर यंत्र चालवणाराही नवीन मिळतो.

गजाननाच्या हातात माईक दिला. एका पाहुण्यांनी विचारलं, इतक्या सुंदर लाटेवर उभं राहायचं रहस्य काय? माझ्या केबिनमध्ये स्पीकरचा आवाज स्पष्ट यायचा. मी पंखे सुरू करून तयार बसलो होतो आणि मला वाटलं, आता घेतो माझं नाव. आता नाही घेणार तर कधी?

गजानन म्हणाला, "रहस्य काई नाही जी. लाट देव पाठवते. आपन फक्त उभं राह्याचं."

टाळ्या पडल्या. देव आत बनियनवर बसला होता, मानेवरचा घाम पुसत.

गजानन फळी घेऊन पाण्यात उतरला. पहिली लाट मी नियमानं सोडली. तो अर्ध्यापर्यंत गेला, वळला आणि परत भिंतीसमोर आपल्या जागेवर आला. माघारी येणारं पाणी अजून हलत होतं. मला ते खिडकीतून दिसत होतं. माझा अंगठा बटणावर होता, आणि मी मनात म्हणालो, घे, देवानं पाठवली. आणि दाबलं.

लाट उभी राहिली. गजानन तिच्या माथ्यावर आला, फळीचं टोक खाली गेलं आणि तो तोंडावर पडला. पाहुण्यांत कुणीतरी हसलं. लाल बटण माझ्या डाव्या हाताशी होतं, वीतभर अंतरावर. मी दाबलं नाही. मी बघत होतो. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटत होतं. दोन सेकंद असतील, तीन असतील. तेवढ्यात गजानन वर आला, खोकला आणि ज्या माणसानं शेकडो लोकांना ती पाटी वाचायला लावली होती तो भिंतीकडे निघाला. नाकात पाणी गेल्यावर तो पुन्हा आमच्या गावच्या विहिरीत होता. मी लाल बटणावर हात मारेपर्यंत आणखी तीन खोल्या सुटल्या होत्या. पाण्यानं त्याला भिंतीवर दोनदा आपटला.

उजवा खांदा गेला. बुलढाण्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेताना मी गाडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. तो मला म्हणतो, "भास्क्या, माह्यंच चुकलं. भिंतीकडे गेलो मी. कोनाले सांगू नको." मॅनेजरनं मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, तिसऱ्या खोलीची झडप अडकली. चांगली झडप बदलली गेली. मशीनवर आळ घातला, कारण तिला तोंड नव्हतं.

खांदा बरा झाला पण हात कानाच्या वर जाईना. फळीवर उठायला दोन्ही हातांचा जोर लागतो. नव्या तलावावर दुसराच माणूस गेला. गजाननाला परत हिरवळीवर टाकायचं चाललं होतं, तेव्हा मी मॅनेजरकडे गेलो आणि म्हणालो, त्याला माझ्या हाताखाली द्या, मी यंत्र शिकवतो. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मित्र असावा तर असा. सुमननं त्या दिवशी माझ्यासाठी पुरणपोळी केली. मी दोन खाल्ल्या.

मनात म्हणत होतो, याला संगणक काय समजणार. त्याला खरंच समजला नाही. आकड्यांकडे तो बघायचाच नाही. खिडकीत उभा राहायचा, चप्पल काढून, आणि पायाच्या अंगठ्यानं फरशीवर ठोके देत राहायचा. मधेच म्हणायचा, "आता." मी आकडा बघायचो तर अजून चार सेकंद बाकी असायचे. पण पाणी जिरलेलं असायचं. सहा महिन्यांत तो अशा लाटा काढायला लागला की मी नऊ वर्षांत काढल्या नाहीत. मी लाट खिडकीतून बघितली होती. त्यानं ती तळपायांनी बघितली होती.

एका दुपारी केबिनच्या दारावर टकटक झाली. इतक्या वर्षांत त्या दारावर बाहेरून कुणी पाहुण्यानं हात ठेवला नव्हता. एक पोरगी होती, ओल्या केसांची, नागपूरची. "काका, आत्ताच्या त्या लाटा कुणी काढल्या? मला त्यांना थँक्यू म्हणायचंय."

मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. सवयीनं. मग आठवलं, जेवणानंतर मी डबा धुवायला गेलो होतो आणि बटणावर गजानन होता.

गजानन लाजला. म्हणाला, "मले काई येत नव्हतं पोरी. यानंच हात धरून शिकवलं." पोरीनं त्याच्याबरोबर फोटो काढला. मग मलाही शेजारी उभं केलं. त्या फोटोत माझं तोंड कसं आलं असेल याची मला कल्पना आहे. त्याला तळ्यावरून उठवून मी माझ्या केबिनमध्ये आणला आणि जे नाव मला नऊ वर्षांत मिळालं नाही ते त्यानं बसल्या बसल्या घेतलं. तक्रार कुणाकडे करणार? सगळं माझ्याच हातानं झालेलं.

निरोपाच्या कार्यक्रमात शाल, श्रीफळ झालं. गजानन बोलायला उभा राहिला, माईकपासून लांब, कारण त्याला त्या दिवसापासून माईक नको वाटतो. म्हणाला, "भास्करभाऊनं मले दोनदा कामाले लावलं. लोकं सख्ख्या भावासाठी करत नाहीत." मग माझ्या खांद्यावरची शाल डाव्या हातानं सारखी करून तो खाली बसला. मी उत्तराला उठलो. आता सांगावं असं ठरवलं होतं. शेवटी यंत्राची निगा कशी राखावी यावर बोललो आणि खाली बसलो.

म्हणून हे लिहिलं. इथून पुढचा मजकूर लेख गेल्यावर मागाहून जोडून पाठवतो आहे. संपादकांना लेख पाठवल्याचं मी गजाननाला परवा सांगितलं. तो बांधावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होता, डाव्या हातानं.

"माह्यं नाव टाकलं का?"

"टाकलं."

"चांगलं लिह्यलं का बे?"

"झालं तसं लिहिलं."

तो खूश झाला. त्यानं एसटी स्टँडवरच्या पुस्तकवाल्याला पाच अंक सांगून ठेवले आहेत, एक वरवट बकालच्या साडूसाठी, बाकीचे भावकीत. भाऊबीजेला सगळी घरी जमली की त्याची सून मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. मला म्हणाला, "तू बी ये. तू नसला त मजा नाही."

त्यानंतर मी संपादकांना एकदा फोन लावला, मधल्या चार ओळी गाळता येतील का म्हणून. त्यांनी उचलला तेव्हा दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या आणि ठेवून दिला.

भाऊबीजेला मी जाणार आहे. गजाननाच्या डाव्या बाजूला बसेन. तो हात त्याचा अजून चांगला चालतो.